आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत बोलणी करा: गोल्फ क्लबांच्या ग्राउंड कमिट्यांना खुले पत्र

प्रति,
पुणे, मुंबई, नाशिक आणि गुजरातेतल्या गोल्फ क्लबांच्या ग्राउंड कमिट्या व कोर्स सुपरिंटेंडेंट साहेब,

सप्रेम नमस्कार.

मी शहादा तालुक्यातला शेतकरी. त्याआधी बरीच वर्षं तुमच्यासारख्याच क्लबांच्या मैदानांवर राबलो. आधी माळी होतो, मग मोअर म्हणजे गवत कापायचं यंत्र चालवलं, शेवटी सुपरवायझर झालो. आता गावी असलो तरी शहादा, तळोदा, धडगाव, अक्कलकुवा या बाजूची माणसं कामाला हवी असली की तुमचे फोन मलाच येतात. मी ठेकेदार नाही, माणसामागे पैसे घेत नाही, त्यामुळे चार गोष्टी मोकळेपणी लिहायला हरकत नाही.

मे महिना उतरणीला लागला की फोन सुरू होतात. पावसाळा तोंडावर आलाय, गवत आवरणार नाही, पंधरा-वीस माणसं द्या. पुढचं वाक्य मला पाठ झालंय: "मागच्या वर्षीची शिकलेली माणसं आली तर फार बरं." ती येत नाहीत. आलीच तर जूनच्या मध्याला अर्धी दिसेनाशी होतात, आणि मग तुमच्या ऑफिसातून विचारणा होते की तुमच्याकडच्या लोकांना नोकरीची किंमत नाही का.

किंमत आहे, साहेब. पण वावरही त्याच आठवड्यात पेरायचं असतं. तुम्हाला माणूस लागतो तो पंधरवडा आणि त्याच्या बापाला तो लागतो तो पंधरवडा एकच. पुण्यात पाऊस साधारण १० जूनच्या आसपास येतो, आमच्याकडे त्यानंतर काही दिवसांनी. तिकडे रफ, म्हणजे कडेचं उंच गवत, गुडघ्याला लागायला सुरुवात होते, बंकरच्या खड्ड्यांतली वाळू वाहून जाते, ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, बुरशीचे डाग दिसतात, मोअरला दिवसाआड पळवावं लागतं. इकडे तिफणी बाहेर निघतात. अशा वेळी क्वार्टरमध्ये पडलेल्या पोराला घरून फोन येतो, आणि तो मला फोन करून एवढंच विचारतो, "आम्हनं वावर कोन पेरी?" याचं उत्तर तुमच्या ड्यूटी चार्टमध्ये नसतं. म्हणून तो रात्रीच्या गाडीला बसतो, महिन्याचा राहिलेला पगार सोडून.

तुमचं वेळापत्रक टूर्नामेंटवरून लागतं, आमचं पावसावरून. हे दोन कागद आजवर कोणी शेजारी ठेवून पाहिलेले नाहीत. माणूस टिकत नाही याचं मूळ माझ्या मते तिथे आहे, पगार त्यानंतर येतो. पगार कमी आहे हेही खरं, पण चांगला पगार देणाऱ्या क्लबातूनही जूनमध्ये माणसं गेलेली मी पाहिली आहेत.

आता गंमत बघा. ज्या हराळीला आम्ही कापसाच्या वावरातून मुळासकट खणून बांधावर फेकतो, त्याच हराळीच्या कुळातल्या संकरित जाती तुमच्या ग्रीनवर आहेत, आणि त्या तीन-चार मिलिमीटरवर कापून लेकरागत जपाव्या लागतात. आमच्या पोरांना सुरुवातीला याचं हसू येतं. पण गवत कधी सुस्त पडतं, कधी धावतं, पाणी जास्त झालं की मूळ कसं वर येतं, हे त्यांना शिकवावं लागत नाही. म्हणून तर तुम्हाला ती हवी असतात.

मग करायचं काय? सगळी टोळी एकाच गावातली घेऊ नका. ठेकेदाराला ते सोयीचं पडतं, एक जीप भरली की काम झालं. पण एका गावची पेरणी एकाच दिवशी निघते आणि तुमचं मैदान एकाच दिवशी ओस पडतं. तापी-गोमाईच्या काठची, विहिरी आणि ठिबकवाली गावं वेगळी, सातपुड्याच्या उतारावरची कोरडवाहू गावं वेगळी. बागायती गावात पाणी हाताशी असतं. गुलाबी बोंडअळीमुळे शेतखातं जूनआधी कापूस लावू नका म्हणतं, म्हणून १ जून उलटला की लागवड सुरू होते आणि पावसाची फारशी वाट न पाहता उरकते. तो माणूस लागवड आटोपून जूनच्या मध्याला तुमच्याकडे येऊ शकतो. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातला माणूस नेमका तेव्हाच जाणार, कारण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका हा सल्ला त्यालाच लागू आहे. अर्धी माणसं इकडची, अर्धी तिकडची घेतली तर मैदान कधीच पूर्ण रिकामं होत नाही. एक गेला की दुसरा आलेला असतो, आणि दोघंही शिकलेले असतात.

डोंगरातल्या माणसाकडून सुट्टीची तारीख मागू नका, ती त्यालाही माहीत नसते. अट ठरवा. गावात पेरणीजोगा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी त्याने निघायचं, बदली कोण ते आधीच लिहिलेलं, पंधराव्या दिवशी हजर. येण्या-जाण्याचं भाडं क्लबचं. गुजरातेतल्या क्लबांना हे जड वाटू नये, ठेकेदारामार्फत परराज्यातून आणलेल्या मजुराला प्रवासभत्ता द्यायचं १९७९ च्या कायद्यापासूनच सांगितलेलं आहे. आता तुम्ही म्हणाल, परत येईल याची खात्री काय? ज्याला जाताना चोरून जावं लागलं तो परत येत नाही. ज्याला ऑफिसातून तिकिटाचे पैसे देऊन पाठवलं तो येतो, हे माझं पाहणं आहे.

भूमिहीनांची गोष्ट वेगळी आहे, तीही सांगून टाकतो. त्यांना पेरायचं काही नसतं, तरी ते जूनमध्ये गावी येतात, कारण पेरणी-निंदणीच्या त्या महिन्यात गावची मजुरी चढते. त्यांना सुट्टी देऊन उपयोग नाही, तेवढ्या काळात हजेरीचा दर वाढवून द्यावा लागेल. ते नको असेल तर त्यांना मोजू नका.

पावसाच्या दिवसांची हजेरी हा दुसरा घाव. पहाटे पावणेपाचला माणसं शेडमध्ये उभी. धो धो पाऊस. सात वाजेपर्यंत उभं ठेवायचं आणि मग सुपरवायझरने सांगायचं की मैदान बंद, जा, आज हजेरी नाही. जुलैमध्ये असे दिवस लागोपाठ येतात. महिनाअखेर हातात येतं ते पाहून माणूस गावी फोन करतो, आणि गावी निंदणीला माणूस मिळत नाही म्हणून शेजारी रोज देऊन बोलावतच असतो. महिन्याला किमान इतके दिवस भरलेच धरू असा आकडा आधी लिहून द्या. पाऊस तुमच्या हातात नाही, तसा त्याच्याही हातात नाही.

आणि पावसात कामं नसतात असं कोण म्हणतं? ग्रीन मोअरचं रीळ बाहेर काढायचं, हाताने हळू फिरवून खालच्या पात्याशी वर्तमानपत्राची पट्टी घालायची, डाव्या टोकापासून उजव्यापर्यंत. पट्टी सगळीकडे साफ कापली गेली पाहिजे. मध्ये एखाद्या ठिकाणी ती नुसती दुमडली, तर तेवढ्या रुंदीत उद्या गवत कापलं न जाता ओरबाडलं जाणार, आणि ऊन पडलं की त्या पट्ट्याची टोकं पांढरी दिसणार. हे पात्यांचं जुळवणं तासाभराचं काम आहे आणि गडबडीच्या सकाळी कोणी नीट करत नाही. बंकरच्या जाळ्या आणि निचऱ्याचे पाइप साफ करणं, नर्सरीतली हिरवळ तयार ठेवणं, स्प्रिंकलरची तोंडं उघडून धुणं, ही सगळी पावसाळी दिवसाची कामं. यादी भिंतीवर लावा आणि हजेरी पूर्ण धरा.

शिकलेला माणूस गेला की काय जातं, हे कमिटीतल्या साहेब लोकांना खेळताना कळत नाही, म्हणून एक उदाहरण देतो. ग्रीनवरचा होल रोज किंवा दिवसाआड हलवायचा असतो. १०८ मिलिमीटर व्यासाचा कटर सरळ उभा दाबायचा. जरा कलला की कपाची कड एका बाजूला उचलते आणि झेंडा वाकडा उभा राहतो. निघालेला मातीचा गड्डा जपून नेऊन जुन्या होलमध्ये बसवायचा. आधी खालची माती हाताने भुसभुशीत करून पातळी बघायची. गड्डा केसभर वर राहिला तर दुसऱ्या दिवशी मोअर त्याचं डोकं सोलून नेतो आणि तिथे टिकलीएवढा तांबडा ठिपका दिसतो. केसभर खाली राहिला तर चेंडू तिथे उडी घेतो. बसवल्यावर तळव्याने दाबायचं, थोडं पाणी द्यायचं, काठावर गवताची टोकं बोटाने जुळवायची. जुना माणूस हे काम करून गेला की काल होल कुठे होता ते सापडत नाही. नव्या माणसाचे ठिपके महिनाभर मोजता येतात. अठरा ग्रीन, प्रत्येकावर नवा माणूस, आणि ऐन टूर्नामेंटच्या आठवड्यात. मग मेंबर तक्रार करतात, सुपरिंटेंडेंट ओरडतो, नवं पोर रडकुंडीला येऊन गावी पळतं. पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून.

आता हिवाळ्याचं. नोव्हेंबर ते मार्च तुमचा खेळाचा हंगाम. तुम्हाला वाटतं दिवाळी झाली की माणसं मिळतील, शेतीची कामं संपलेली असतात. संपलेली नसतात. कापसाची वेचणी चालू असते, नंदुरबारच्या बाजूला मिरचीची तोड असते. आणि त्याहून मोठं म्हणजे तुमच्या कितीतरी आधी ऊसतोडीचा मुकादम येऊन गेलेला असतो. तो कधी येतो? पोळ्याच्या आसपास. घरातलं धान्य तळाला गेलेलं, कापूस अजून बोंडात, पोरांच्या वह्या-पुस्तकांचे आणि दवाखान्याचे पैसे द्यायचे. त्या दिवसांत मुकादम ओट्यावर बसून कोयत्यामागे उचल, म्हणजे आगाऊ पैसे, मोजतो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दसरा-दिवाळीनंतर ती जोडी ट्रकमध्ये बसून बारडोलीकडे किंवा पश्चिम महाराष्ट्रात निघून जाते. तुमच्या ग्रीनवर पावसाळाभर हात बसलेला माणूस उसाच्या फडात कोयता चालवत असतो, आणि तुम्ही नोव्हेंबरात मला फोन करत असता.

उचल द्या असं मी म्हणत नाही. उचलीने माणूस बांधला जातो, ती फिटत नाही, पुढच्या वर्षावर चढते. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली, पण कर्जापायी राबणं पुरतं गेलेलं नाही, हे आमच्याकडच्या लोकांना नव्याने सांगायला नको. आदिवासींचे पुढारी अंबरसिंग महाराज यांचा हा तालुका. १९७२ साली श्रमिक संघटना इथेच उभी राहिली, आणि सालदारांच्या (सालाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्यांच्या), भूमिहीनांच्या मजुरीचे प्रश्न घेऊनच. इथला म्हातारा माणूसही हिशेब मागतो. तेव्हा कमिटीने आमच्या लोकांना भोळे समजून कागद पुढे करू नये.

उचलीऐवजी कमावलेला बोनस तीन हप्त्यांत द्या. पावसाळा पार पाडला, पहिला हप्ता पोळ्याला. दिवाळीनंतर ठरल्या तारखेला परत हजर झाला, दुसरा हप्ता त्याच आठवड्यात. टूर्नामेंट संपेपर्यंत राहिला, तिसरा आखाजीला. रक्कम तुमची तुम्ही ठरवा, पण पोळ्याचा हप्ता असा ठेवा की मुकादमाला ओट्यावरून नमस्कार करून वाटेला लावता येईल. आज तुमचा बोनस दिवाळीला असतो आणि तो कायम नोकरांना असतो. हंगामी माणसाला मिठाईचा पुडा. पुडा चांगला असतो, तक्रार नाही.

आखाजीच का, ते खान्देशातल्या माणसाला विचारा. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, सांजोऱ्या होतात, आणि सालदाराचं साल त्याच दिवशी संपून त्याच दिवशी नवं ठरतं. जुना हिशेब मिटवायचा, नव्या सालाचे रोख किती, धान्य किती, सुट्ट्या किती ते बोलायचं. पटलं नाही तर दुसरा मालक बघायचा. सालदारकीत दोष आहेत, तिचं कौतुक मला नाही. पण वर्षाची बोलणी एकाच दिवशी, समोरासमोर आणि पेरणीच्या आधी करायची, ही रीत घेण्यासारखी आहे. तुमच्या कामालाही ती बसते. एप्रिल-मेच्या उन्हात हराळी जोमात असते म्हणून ग्रीनला भोकं पाडून वाळू भरायचं काम तुम्ही तेव्हाच काढता. मातीच्या कांड्या गोळा करायला, वाळू घासून भोकात उतरवायला एकदम जास्त हात लागतात. पण नेमका आखाजीचा आठवडा त्यासाठी धरू नका. चार दिवस मागे-पुढे केलंत तर माणसं सण करून, बोलणी करून थेट या कामावर येतात.

होळीचंही असंच आहे. डोंगरातल्या भिल्ल-पावरा माणसाला दिवाळीला सुट्टी नाही दिली तरी तो एखाद वेळ राहील. होळीला राहणार नाही. भोंगऱ्याचे बाजार होळीच्या आधीच्या आठवड्यात भरतात, काठी गावच्या राजवाडी होळीला तर लांबून लोक चालत येतात. ज्याच्या घरी नवस आहे तो बावा-बुध्या, म्हणजे होळीला नाचणारा नवसकरी, होऊन आधीपासूनच व्रत पाळतो, त्याला तुमच्या फेअरवेवर उभं करून काय उपयोग? त्याच महिन्यात तुमच्या मोठ्या स्पर्धा असतात. मैदानी गावांतल्या लोकांना होळीचं एवढं नसतं, त्यांचं श्रावणात कानबाई देवीच्या सणाला असतं. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरचे भाऊबंद रोटांच्या प्रसादासाठी एकत्र येतात, त्या दिवशी ते थांबणार नाहीत. म्हणजे इथेही दोन्हीकडची माणसं असली की अदलाबदल जमते. पण त्यासाठी सुपरवायझरला कोण कुठला हे माहीत हवं. तुमच्या हजेरीपटावर फक्त 'नंदुरबार लेबर' असं लिहिलेलं मी डोळ्यांनी वाचलंय.

बायकांबद्दल एकाही क्लबाने मला कधी विचारलं नाही. लव्हाळा उपटायला पुरुष बसवता, तो वरचा पाला ओढतो, खालची गाठ मातीत राहते आणि आठवडाभरात कोंब पुन्हा वर. निंदणीत वाढलेली बाई खुरप्याचं टोक तिरपं घालते, गाठ सैल होईपर्यंत खाली जाते, दोन बोटांनी ती काढते आणि गवताची फट तळव्याने बंद करते. ग्रीनला जखम दिसत नाही. क्लब म्हणतो आमच्याकडे बायकांची सोय नाही, क्वार्टर पुरुषांचे आहेत. मग ऊसतोडीचा मुकादम जोडी घेऊन जातो यात नवल ते काय? चार खोल्या जोड्यांसाठी काढा, लेकरांसाठी एखादी पाळणाघराची खोली बघा. बायको सोबत असलेला माणूस मध्येच घरी पळत नाही, कारण घर तिथेच असतं.

बाकीचं थोडक्यात. पहाटे पाच ते दहा आणि पुन्हा साडेतीन ते साडेसहा अशी तोडलेली ड्यूटी रोज एकाच माणसाला लावू नका. दुपारचे ते तास ना झोपेचे, ना मजुरीचे. पहाटेची सलग पाळी बहुतेकांना द्या आणि संध्याकाळच्या पाण्याला पाळीपाळीने माणसं ठेवा. ड्यूटी चार्ट रात्री नऊला व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायची पद्धत बंद करा, आठवड्याचा चार्ट रविवारी लावा. ठेकेदार बदलला की पीएफचा नवा नंबर काढायचा प्रकार थांबवा. एकेका पोराचे दोन-तीन नंबर झालेत आणि पैसे कुठल्यात अडकलेत ते त्याला कळत नाही. रेशन आता दुसऱ्या गावात, दुसऱ्या राज्यातही उचलता येतं. क्लबच्या ऑफिसातल्या एका माणसाने त्यांना जवळच्या दुकानात एकदा नेऊन दाखवलं तर खाण्याचा खर्च बराच कमी होईल.

आखाजीच्या आधीच्या पंधरवड्यात तुमचा एक माणूस शहाद्याला पाठवा. ठेकेदाराचा नको, क्लबचा हवा, आणि सही करायचा अधिकार असलेला. सकाळची बैठक नको, माणसं वावरात असतात, दिवेलागणीनंतर ठेवू. येताना वर्षाच्या स्पर्धांच्या तारखा, मैदान बंद ठेवायचे दिवस आणि वाळू भरायचा आठवडा कागदावर आणा. आमच्याकडून गाववार यादी तयार असेल: कोणाचं रान बागायती, कोणाचं कोरडवाहू, कोणाच्या घरी होळीचा नवस, होल कोण कापतो, ट्रिपलेक्स मोअर कोण चालवतो, जोडीने कोण येईल. दोन्ही कागद समोर ठेवून एका रात्रीत काम होईल. ज्या क्लबांना हे जमणार नसेल त्यांनी गुढीपाडव्यापर्यंत तसं कळवावं, म्हणजे ती माणसं मी दुसरीकडे सांगायला मोकळा. मेअखेरीचे फोन मी यंदापासून घेणार नाही.

आपला,
मोअर सोडून तिफण धरलेला एक माजी सुपरवायझर,
शहादा तालुका, जिल्हा नंदुरबार